रागाचा मान

अँग्री म्हणजे रागावलेला, असं मी डिचोलीच्या शाळेत नोकरीला लागल्यापासून मुलांना सांगत आले. फळ्यावर भुवया आक्रसलेलं एक तोंड काढायचं, शेजारी शब्द लिहायचा आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. मुलांना तो कधी अवघड गेला नाही आणि मलाही शिकवताना गेला नाही. आता जातो. आता त्या शब्दापाशी आले की मी खडू खाली ठेवते आणि उगाच पाण्याची बाटली शोधायला लागते. मी सांगत होते तो अर्थ अर्धा खोटा होता, हे मला फार उशिरा कळलं.

इंग्रजीतला हा शब्द मोठा बिनधास्त आहे. आपला धनी कोण, याची त्याला फिकीर नाही. राजा अँग्री होतो, कुत्रा अँग्री होतो, नवरा होतो, बायको होते, भाजीवाली होते. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा. आमच्या पेडण्यात मात्र राग माणूस बघून येतो. देव कोपतो. बापाला राग येतो, आणि तो आला की घरातली भांडीसुद्धा आवाज न करता घासली जातात. नवऱ्याचं डोकं फिरतं. सुनेला राग येत नाही, ती तोंड फुगवते. मुलगी रागावली तर ती आगाऊ, म्हातारी रागावली तर तिची किरकिर. तुयेच्या कारखान्यात बेळगावकडून आलेला कामगार सुपरवायझरला दोन शब्द बोलला तर त्याला माज चढलेला असतो. तेच दोन शब्द सुपरवायझर बोलला तर तो शिस्तीचा माणूस. राग एकच असतो, पण त्याला नाव द्यायचं झालं की तो कोणाच्या घरचा ते आधी विचारायचं.

हल्ली मराठीत बोलतानाही बायका सर्रास अँग्री म्हणतात. फोंड्याला लग्नात कोणी भेटलं की, "मी तुझ्यावर खूप अँग्री आहे हां, घराकडे फिरकली नाहीस." म्हणताना दात दिसत असतात. फोनवर तांबडं लाल तोंड पाठवतात, त्याच्यामागोमाग हसरं पाठवतात, म्हणजे कोणाला लागायला नको. मला आधी हे पोरकट वाटायचं. मग लक्षात आलं, की ज्या बाईने उभ्या जन्मात "मला राग आलाय" असं चार माणसांत म्हटलं नाही, ती अँग्री मात्र बिनदिक्कत म्हणून टाकते. शेजारणीची साडी एका दिवसासाठी नेसावी तसा तो शब्द आहे. डाग पडला तरी आपला नव्हे. माझ्या वर्गातल्या मुलींनी तर फोनवरून आणखी एक शिकून आणलं, अमेरिकेत रागावलेल्याला मॅड म्हणतात. मी म्हटलं, त्यासाठी अमेरिकेपर्यंत कशाला जायला हवं? रागावलेल्या बाईला आमच्याकडेही वेडीच म्हणतात.

माझे बाबा रागीट होते. होते म्हणजे, अजून आहेत. "रागीट, पण मनान बरो" असं गाव त्यांच्याबद्दल म्हणतं. त्यांचं मन काही आम्हाला बघायला मिळालं नाही, कारण त्याच्या पुढे कायम राग उभा असायचा. त्यांना राग कशाचा येईल याचा नेम नसे. पोदेराने आणलेला पाव थोडा करपका निघाला तरी येई, चहात कुलेर, म्हणजे चमचा, तशीच राहिली तरी येई. आई तो राग जेवण रांधावं तसा रोज रांधायची, म्हणजे तो कितपत शिजलाय ते बघून आम्हाला खुणा करायची. आता बाहेर जा, आता या, आता बोला, आता नको. आईला स्वतःला राग आलेला मी पाहिला नाही. तो येतच नसेल अशी लहानपणी माझी समजूत होती. काही माणसांना वास येत नाही, तसं.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर दोन्हीकडची माणसं माझ्या दारात येतील. गावात गावकारांची दोन वांगडं आहेत. वांगड म्हणजे गाव वसवलेल्या जुन्या घराण्यांचा एकेक गट. जत्रेला देवीपुढे पहिला नारळ कोणी ठेवायचा आणि गावाच्या वतीने गाऱ्हाणं कोणी घालायचं, हा मान. गाऱ्हाणं म्हणजे देवीसमोर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माणसांचं मागणं तिच्या कानावर घालणं. कोणाची गाय व्यायली नाही, कोणाच्या मुलाला नोकरी नाही, सगळं त्यात येतं. ज्याचा मान, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. बायकांनी मागे खांबाला टेकून नुसतं हात जोडायचे.

एका जत्रेला दोन वांगडांचे दोन नारळ एकदमच पुढे आले. एका बाजूला बाबा होते. दुसऱ्या बाजूला जो माणूस होता तो बाबांबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला, आमच्या घरी चवथीला जेवलेला. त्याचं घर देवळाच्या पलीकडे, म्हणून मी त्याला इथे पलीकडचे काका म्हणते. नारळ मागे घ्यायला कोणी तयार होईना. धक्काबुक्की झाली, खुर्च्या उडाल्या, जत्रेला आलेले खाजेवाले टोपल्या उचलून पळाले. मग पोलीस, मग मामलेदाराची कचेरी, आणि निकाल लागेपर्यंत देवळाच्या दाराला सरकारी कुलूप. तेवढ्यावर थांबते तर ती आमच्या गावची माणसं कसली! सरकारी कुलूप उघडून समोरच्यांनी रातोरात पूजा केली तर? म्हणून पलीकडच्या वांगडाने आपलं कुलूप घातलं. ते बघून बाबांच्या वांगडानेही घातलं. एका दाराला तीन कुलपं झाली.

रोज सकाळी दिवा लावायला भटजी यायचे. त्यांच्यासाठी तीन किल्ल्या घेऊन तीन माणसं हजर व्हायची, कचेरीचा एक आणि दोन वांगडांचे दोन. एकमेकांकडे न बघता आपापलं कुलूप काढायची. भटजींनी दिवा लावला, फूल वाहिलं, की परत कुलपं. भाविकांना आत सोडायचं नाही. तिघांतला एखादा लग्नाला गेला किंवा तापाने झोपला, की त्या दिवशी देवी काळोखात. यात देवीचा अपमान आहे असं कोणालाच वाटलं नाही. आम्ही देवीचा मान राखतोय असं दोन्ही बाजू मनापासून समजत होत्या.

आमच्या वांगडाची किल्ली बाबांकडे होती. ती जनेलाशेजारच्या, म्हणजे खिडकीजवळच्या खुंटीवर टांगलेली असायची, चुलीपाशी बसलेल्या आईला सरळ दिसेल अशी.

आईचं त्या देवळात काम अडलं होतं. कुलपं पडली त्याच्या आदल्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, मी परत शाळेत जायला लागले. पण रिपोर्ट यायच्या आधीच आई देवीला बोलून बसली होती, माझी बाय बरी होऊ दे, हिरवी साडी घालून तुझी ओटी भरीन. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन दुकानं फिरून तिने साडी घेतली. हिरवी, बारीक लाल काठाची, स्वतःसाठी कधी घेतली नसती अशी. ती कपाटात ठेवली आणि जत्रेनंतर भरू म्हणून थांबली. त्याच जत्रेला देवळाला टाळं लागलं.

"आई, देवीला कळतं सगळं. देऊळ उघडेल तेव्हा भर," मी म्हणायचे. ती मान हलवायची, पण तिचे डोळे माझ्या छातीकडे जायचे. नवस फेडायचा राहिला तर तो माझ्यावर उलटेल, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. तिला स्वतःसाठी देवीकडून काहीच नको होतं.

एकदा तिने धीर केला. मी सुट्टीला गेले होते. बाबा न्याहारीला बसले होते, पुढ्यात पाव आणि पातळ भाजी. आई म्हणाली, "आवंदा तेंनी नारळ ठेवूंदेत, फुडल्या वर्सा तुमी ठेवा. पाळी घाला. देवी काय पळान जाता?"

बाबांनी भाजीची वाटी भिंतीवर भिरकावली. "तुका काय कळता गावकीतला? गप रव."

आईने भिंत पुसली. हळदीचा डाग राहिला, तो अजून आहे. मी तेव्हा कॉलेजातली पोर नव्हते, पन्नाशीकडे झुकलेली बाई होते, तरी माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली.

आईला साखर होती. चपलेचा अंगठा घासून डाव्या पायाला जखम झाली होती, ती भरत नव्हती. म्हापशाला नेऊन दाखवलं, मलमपट्टी चालू होती. चैत्रातल्या एका रविवारी ती मला म्हणाली, "बाय, आज माका देवळाकडे व्हर." बाबा किल्ली घेऊन पुढे गेले होते. आईने ओटीचं ताट तयार केलं. साडी, तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, पाच फळं. मग खाली बसून पायाची पट्टी सोडली. मी ओरडले तर म्हणाली, "पू-रगताची पट्टी घेवन देवीच्या दारात जातंत?" चप्पल तिने घरीच ठेवली.

देवळापुढचं अंगण जांभ्या चिऱ्यांचं, खरखरीत. तिन्ही किल्लीवाले आले होते, भटजी दिवा लावून बाहेर पडत होते. दार अजून उघडं होतं. आत समई दिसत होती. आई पायरीखाली ताट घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, एवढी ओटी भरून जाते, नवस आहे.

कचेरीचा माणूस भला होता. तो म्हणाला, "माझी ना नाही. या दोघांनी माझ्यासमोर हो म्हणायला हवं."

पलीकडचे काका म्हणाले, "वहिनी, ओटी भरा. आमची हरकत ना. पण गाऱ्हाणां कोण घालतलो?" बाबा म्हणाले, मी. माझी बायको, माझ्या घरची ओटी. काका म्हणाले, मग ते आम्हाला चालणार नाही, तुमचा मान आम्ही कबूल केल्यासारखं होईल. आम्ही घालू. बाबा म्हणाले, माझ्या बायकोच्या ओटीला तू गाऱ्हाणं घालणार? मग जुनं सगळं निघालं. कोणाच्या आजोबाने काय केलं होतं, पोर्तुगीज काळात सनद कोणाच्या नावावर होती. ऊन चढत गेलं. आई अनवाणी, चिऱ्यांवर, हातातलं ताट खाली न ठेवता उभी होती. मी ताट घ्यायला गेले तर तिने सोडलं नाही.

शेवटी आईच बोलली. "गाऱ्हाणां नको कोणाचां. माझी ओटी, मीच सांगतंय तिका."

 बाबा आणि पलीकडचे काका, दोघंही, एका दमात म्हणाले, "बायलांनी गाऱ्हाणां घालूचां नसता!"

जत्रेपासून पहिल्यांदाच त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं होतं. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण दोघं जरा ओशाळले. मग दोघांनी आपापली कुलपं लावली. कचेरीच्या माणसाने माझ्याकडे बघून खांदे पाडले आणि तिसरं लावलं.

घरी येताना मी आईला विचारलं, "आई, तुका राग नाय इलो?"

"इलो तर ठेवू खंय?" ती म्हणाली. "घरात खुंटी येकच. तिच्यार तेंची चावी."

म्हणजे येत होता. सगळी वर्षं येत होता. काही माणसांना वास येत नाही, तशातली ती नव्हती. तिला ठेवायला जागा नव्हती इतकंच. हे ऐकून मला जे वाटलं त्याला मराठीत किंवा इंग्रजीत शब्द असेल तर तो मला अजून सापडलेला नाही.

त्या दिवसानंतर पाय बिघडला. सूज घोट्यापर्यंत आली, कातडी तांबडीलाल आणि गरम. इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीने जखम उघडली, वाकून बघितलं आणि शेजारच्या नर्सला म्हणाली, "इट्स लुकिंग व्हेरी अँग्री." मी चमकले. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून मला हे ठाऊक नव्हतं. आभाळ अँग्री होतं, समुद्र होतो, इथवर माझी मजल होती. जखमही होते, लाल होऊन सुजून ठणकायला लागली की डॉक्टर तिला अँग्री म्हणतात, हे त्या पोरीने मला शिकवलं.

आईने माझा दंड ओढला. "काय म्हणता गो ती?"

"म्हणता, जखम रागावली हा."

आई पायाकडे बघून हसली. इतक्या दुखण्यात हसली. "तिका राग इलो? बरां झालां. आमच्या घरात तुझ्या बापाशीक सोडून कोणाक तरी येवक व्हयोच होतो."

डॉक्टरीण म्हणाली दोन बोटं काढावी लागतील, लवकर, नाहीतर पाय जाईल आणि पुढचंही सांगता येत नाही. आई ऐकायला तयार होईना. अंग तुटलेल्या बाईची ओटी देवी घेत नाही, हे तिने कुठून डोक्यात घेतलं होतं देव जाणे. मी समजावलं, रडले, भटजींना फोन लावून त्यांच्या तोंडून वदवलं की असं काही नसतं. ती म्हणाली, "भटजी तुझ्या तोंडाकडे बघून सांगतत. आदी माझ्या पायांर उभी रवान ओटी भरतंय, मगे काय तां कापा." नवस माझ्या जिवाचा होता, म्हणून तो खोटा पडेल अशी एवढीशीही फट तिला नको होती.

तेव्हा मी बाबांकडे गेले. ते इस्पितळाच्या बाहेर बाकावर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, या वर्षी पहिला नारळ त्यांना देऊन टाका. उद्या देऊळ उघडेल. आईला उचलून नेऊ, ओटी भरू, परवा ऑपरेशन होईल." एवढंच होतं. हात पसरून मागावं तसं मी मागितलं.

त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. मग म्हणाले, "लोक म्हणतले, बायलेसाठी मान सोडल्यान."

मी वर्गात शिकवते, माणसाचा राग असेल तर अँग्री विथ, गोष्टीचा असेल तर अँग्री अबाउट. मुलं चुकली की विचारते, विथ कोण? अबाउट काय? तेच मी बाबांना विचारलं. राग नक्की कोणाचा आहे तुम्हाला, आणि कशाबद्दल? ते म्हणाले, त्यांचा. मी म्हटलं, काय केलं त्यांनी? ते म्हणाले, नारळ पुढे केला. मी म्हटलं, तुम्हीही केलात.  त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. इतक्या वर्षांचा, भिंतीवर वाट्या फोडणारा, देवीला कोंडून घालणारा तो राग, आणि त्याच्या पोटात फक्त एक नारळ निघाला. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

विष अंगात भिनलं. ऑपरेशनला आईची संमती विचारायची वेळ निघून गेली आणि ती गेली.

घरी आणलं तेव्हा बायका जमल्या. नवरा जिवंत असताना गेली, म्हणजे तिला हिरवी साडी नेसवायची, कुंकवाचा मळवट भरायचा, ओटी भरायची. "भाग्याची गो, भरल्या कपाळान गेली," बायका म्हणत होत्या. घरात नवी हिरवी साडी आहे का, कोणी तरी विचारलं. बाबा बाहेर बसले होते, तिथूनच म्हणाले, "कपाटात आसा बघा येक हिरवी." त्यांना ती कशासाठी आणली होती याची आठवण नव्हती. माझ्या हाताने मी ती काढली. लाल काठ बघून माझ्या लक्षात आलं, ही तर नवसाची साडी. मी एक अक्षर बोलले नाही. मीच आईला ती नेसवली, निऱ्या नीट घातल्या, पदरात तांदूळ आणि नारळ घातला. पलीकडचे काकाही आले होते. त्यांनी लाकडं वाहिली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. मरणापुढे वैर नाही, असं जमलेले म्हणाले. मला वाटलं, मग वैर संपवायला एक मरण लागतं, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर निवडणुकीचं वारं सुटलं. मत मागायला आलेल्या एका पुढाऱ्याने दोन्ही वांगडांना आपल्या अंगणात बसवलं, चहा दिला, मिरचीची भजी दिली आणि म्हणाला, पाळी घाला. एक वर्ष यांनी, एक वर्ष त्यांनी. सगळ्यांना ते एकदम पटलं. पुढारी डोकेबाज आहे, असं गावात बोललं गेलं. चहा निवायच्या आत मिटलं म्हणे. पहिल्या वर्षी मान आमच्या वांगडाला, चिठ्ठी टाकून.

तिन्ही कुलपं निघाली. जत्रा करायची का, म्हणून देवीला कौल लावला. आमच्याकडे देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि विचारतात. उजवी पडली तर हो. कुठलीच पडेना. पुन्हा लावल्या, तरी पडेना. मग जाणत्यांनी डोकी लावली आणि निघालं, की कोणा सवाष्णीची ओटी दारातून परत गेली आहे. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

बाबा माझ्या घरी डिचोलीला एकटे कधी आले नव्हते. त्या दिवशी म्हापशाला बस बदलून आले. मी चहा दिला. बाबांनी कप हातात धरला आणि ठेवला.

"बाय, ती साडी दी. आवशीन घेवन ठेवलेली. तुझ्याकडे असतली. तिच्या नावान तू ओटी भर."

"कशाला?"

"कौल येना. देवी रागावली हा."

किती सहज म्हणाले. देवी रागावली म्हणजे सगळ्या गावाला धावपळ करायला हवी. माझ्या आईचा पाय रागावला तेव्हा कोणी धावलं नाही. मी म्हटलं, साडी नाही. ते म्हणाले, नसेल तर दुसरी घे, पैसे मी देतो. मी म्हटलं, मी दुसरी घेणार नाही. नवस माझ्या जिवाचा होता, उलटायचा असेल तर उलटू दे. ओटी मी भरणार नाही.

त्यांच्या कपाळाची शीर मला माहीत आहे. ती फुगली. मी कप उचलून बाजूला ठेवला, माझीही भिंत पांढरी आहे. पण त्यांनी काही फेकलं नाही. त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कोणाला तरी त्यांनी ते विचारलं.

"तुका राग इलो हा?"

हे उत्तर मी कित्येकदा मनात इंग्रजीत म्हणून बघितलं होतं, विथ घालून, बरोबर. तोंडातून आलं ते घरचं. "व्हय. तुमचो."

ते खाली बघायला लागले. "ती साडी गेली खंय पण?"

"आई नेसान गेली. तुमीच म्हणालात, कपाटात हिरवी आसा बघा. मी नेसवलंय तिका."

चहावर साय धरली. बाहेर शाळा सुटल्याची पोरांची ओरड चालली होती. बाबांचे हात मांडीवर उताणे पडले होते. फार म्हातारे दिसत होते ते, आणि मला अजूनही त्यांची कीव येत नव्हती.

"मगे जत्रेक माका उभां रवाचां आसा," ते म्हणाले. "देवीक काय सांगू?"

"गाऱ्हाणां घालूचो मान तुमचो, बाबा," मी म्हटलं. "तिची साडी खंय गेली, तां तुमीच सांगा तिका. मोठ्यान सांगा. सगळ्यांका आयकाक येवंदे."